तोंडातला पांढरा थर : बेण्यावरची बुरशी ओळखता, मग ही का नाही?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या अंकात आम्ही खोडव्याच्या खताचे हप्ते किंवा पाचट कुजवण्याची पद्धत यांवर लिहावं, अशी आपली अपेक्षा असणार. आमचं कामही तेच. पण मागच्या हंगामात खोडव्याच्या नोंदी घेत फिरताना एका वस्तीवर जे पाहिलं, ते मनातून जात नाही. म्हणून या वेळी उसाऐवजी ऊस पिकवणाऱ्याच्या तोंडाबद्दल चार गोष्टी सांगतो. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच कबूल करतो. लिहिण्यापूर्वी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बसून नीट समजून घेतलं आहे. बाकी बुरशीशी आमची ओळख वीस वर्षांची आहे.

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. नाव सांगत नाही, तात्या म्हणू. लागणीला साठ-पासष्ट टनांच्या खाली कधी न आलेला माणूस. आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा तात्या लिंबाखाली बाजेवर बसलेले. चहा आला. कप ओठाला लावला की त्यांचे डोळे मिटायचे. काकू दारातून म्हणाल्या, "साहेब, तीन महिनं झालं, भाकरी गिळंना झालीया. तोंड आलंय म्हणत्यात."

तीन महिन्यांत काय काय झालं ते ऐका. आधी उष्णता झाली म्हणून सब्जा आणि गुलकंद. मग तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. त्यानेही भागलं नाही तेव्हा तालुक्याच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, "तोंडाच्या" म्हणून कॅप्सूल आणल्या. पाच दिवसांचा एक डोस, पंधरा दिवसांनी पुन्हा एक. त्या अँटिबायोटिकच्या होत्या आणि त्यांनी दुखणं उलट वाढलं. भाकरी उतरत नाही म्हणून अंगात ताकद राहावी यासाठी दिवसाला पाच-सहा कप गोड चहा आणि दोन पेले उसाचा रस. एवढं करून अंगावरचं मांस उतरलेलं. घरच्यांना वाटलं, मुलीच्या लग्नाची काळजी घेतली.

आम्ही म्हटलं, "तात्या, जरा तोंड उघडा." उजेडाकडे तोंड करून पाहिलं तर जिभेवर, गालाच्या आत आणि वर टाळूला दही सांडल्यासारखे पांढरे ठिपके. काही ठिकाणी थर निघून खाली लालभडक झालेलं. आम्ही म्हणालो, "ही उष्णता नव्हे. ही बुरशी दिसते. उद्याच आरोग्य केंद्रात चला." तात्यांचं उत्तर आपण सगळे देतो तेच. "टोळी आलीया साहेब. ऊस तुटू द्या, मग बघू."

ऊस तुटण्याची वाट आम्ही पाहू दिली नाही. दुसऱ्या दिवशी गटाच्या जीपमधून घेऊन गेलो. डॉक्टरांनी थर जरासा खरवडून काचेवर घेतला आणि बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली. यंत्रावर आकडा आला ३८६. आपल्याला मधुमेह आहे हे तात्यांना त्या दिवशी कळलं.

बुरशी तोंडात होती, पण दुखणं रक्तात होतं.

ही बुरशी कोण?

आपल्या कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवायला जे यीस्ट लागतं, त्याच मोठ्या कुळातली ही मंडळी. सगळी यीस्ट वाईट नसतात. पाव फुगतो तो त्यांच्यामुळेच. तोंडात वाढते तिचं नाव कँडिडा, आणि तिच्यातही नेहमीची ती कँडिडा अल्बिकन्स. जर्मनीतल्या लँगेनबेक या वैद्याने १८३९ साली एका विषमज्वराच्या रोग्याच्या तोंडात आणि घशात ही बुरशी पाहिली. कँडिडा हे नाव १९२३ साली हॉलंडच्या बर्कहाउट बाईंनी दिलं.

गंमत अशी की, ही बाहेरून चाल करून आलेली नसते. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती गुपचूप राहते आणि काही त्रास देत नाही. काणीचं आपल्याला ठाऊक आहे. बेण्यात रोग दडलेला असतो, पीक जोमात असतं तोवर जाणवत नाही. खोडव्यावर खोडवा घेतला, पाण्याचा ताण पडला, की शेंड्यातून काळा चाबूक बाहेर येतो. कँडिडाचंही तसंच. शरीराचा जोम कमी झाला की ती डोकं वर काढते.

अँटिबायोटिकने तात्यांचं दुखणं का वाढलं, तेही शेतीच्या भाषेत सांगतो. उसात टू-फोर-डी मारलं की रुंद पानाचं तण मरतं, पण हरळीला काही होत नाही. उलट मोकळं रान मिळून ती पसरते. अँटिबायोटिक जंतू मारतं, बुरशी मारत नाही. तोंडातले जे निरुपद्रवी जंतू बुरशीला जागा देत नव्हते, तेच मेले आणि बुरशीला रान मोकळं झालं.

ओळखावी कशी?

तोंडात पांढरं दिसलं की प्रत्येक वेळी बुरशीच असते असं नाही, आणि प्रत्येक बुरशी पांढरी दिसते असंही नाही. म्हणून खुणा नीट लक्षात ठेवा.

पहिली खूण म्हणजे दह्यासारखे किंवा पनीरच्या चुऱ्यासारखे पांढरे थर. ते गालाच्या आत, जिभेवर, टाळूवर किंवा घशात असतात. ओल्या स्वच्छ फडक्याने हलकेच पुसलं तर निघतात आणि खाली लाल, हुळहुळी जागा राहते. कधी रक्ताचा ठिपकाही येतो. मुद्दाम खरवडत मात्र बसू नका.

दुसरा प्रकार लाल असतो. पांढरं काही दिसत नाही, पण जीभ गुळगुळीत, लाल होते आणि तिखट लागलं की आग होते. कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत कवळीखालचा टाळू नेमका कवळीच्या आकाराचा लाल होतो. पुष्कळदा दुखत नाही, म्हणून कुणी बघतही नाही.

तिसरी खूण ओठांच्या कोपऱ्यांची. दोन्ही कोपरे चिरतात, ओले राहतात, तोंड उघडताना दुखतात. यात बुरशी असू शकते. लोह किंवा बी जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं. दोन्ही एकत्रही असतात.

याशिवाय तोंडात कापूस भरल्यासारखं वाटणं, चव जाणं, घास गिळताना टोचणं, या तक्रारी असतात.

आता जे बुरशी नव्हे त्याबद्दल. साधं तोंड येतं तेव्हा एक-दोन गोल, खोलगट फोड असतात, कडा लाल आणि खूप दुखतात. ते आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाचा थर असतो, तो सहज पुसला जातो आणि खाली लाल नसतं.

आणि एक खूण अशी की ती दिसली तर एक दिवसही वाट पाहायची नाही. जो पांढरा चट्टा पुसून निघतच नाही, किंवा जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, किंवा ज्याचं तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, त्याने ताबडतोब दाखवावं. तंबाखू, गुटखा आणि मशेरीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. मशेरी लावणाऱ्या आमच्या भगिनी "मी कुठं तंबाखू खाते?" म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे काळी बुरशी म्हणून जो आजार आला, त्याची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. ती बुरशी वेगळी. तिच्यात चेहऱ्याची एक बाजू सुजते आणि बधिर होते, डोळा दुखतो, दात हलतात, टाळूला काळा डाग पडतो. असं दिसलं तर मोठं रुग्णालय, तेही त्याच दिवशी. तोंडातली पांढरी बुरशी तशी जीवघेणी नसते. पण दोघींना आवडणारी जमीन एकच आहे. बेसुमार वाढलेली साखर आणि स्टिरॉइड, ही ती जमीन.

कोणाच्या तोंडात रुजते?

पिकावर रोग आला की आम्ही आधी जमीन, पाणी आणि बेणं विचारतो. इथेही तसंच विचारायचं.

मधुमेह असलेले, आणि त्यातही ज्यांना तो आहे हे ठाऊक नाही असे. साखर वाढली की लाळेतही साखर उतरते आणि शरीराची झुंजायची ताकद घटते. तान्ही बाळं आणि वयस्क माणसं. रात्रंदिवस कवळी न काढणारे. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालेले. दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढणारे. स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. कर्करोगाची औषधं किंवा किरण-उपचार चालू असलेले. रक्त कमी असलेल्या स्त्रिया. विडी-सिगारेट ओढणारे. तोंड सतत कोरडं पडणारे. आणि एचआयव्हीची लागण झालेले.

स्टिरॉइडच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. गुडघे धरले म्हणून बाजारात किंवा गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडून "झाडपाल्याच्या" पुड्या घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो म्हणून त्याची कीर्ती होते. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते आणि तोंडात बुरशी येते. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना ती दाखवा, लपवू नका. आणि बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम स्वतःहून बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं.

आमचीच एक चूक

दुसऱ्याला सांगताना आपलंही सांगावं. आम्हाला दमा आहे. गळीत हंगामात धूळ, बगॅसचा भुगा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर, यांत तो बळावतो. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात रोज ओढायचा पंप सुरू केला. पंप ओढल्यावर चूळ भरायची असते, हे तिथे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही डबीतला कागद वाचला नाही. दोन महिन्यांत आवाज घोगरा झाला, घशात पांढरे ठिपके आले. आम्ही काय करावं? शहाणपणाने पंपच बंद केला. ठिपके थोडे कमी झाले, पण तिसऱ्या आठवड्यात एका रात्री श्वास कोंडला आणि पहाटे तालुक्याच्या रुग्णालयात नाकाला ऑक्सिजन लावून पडलो. घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

शेतकऱ्याला औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचा म्हणून वीस वर्षं सांगणाऱ्या माणसाची ही कथा.

म्हणून पंपवाल्यांनी लक्षात ठेवा. पंप बंद करायचा नाही. तो नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून ओढायचा, त्यामुळे औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. ओढून झालं की लगेच चूळ भरायची, गुळणी करायची आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. दात घासण्याआधी पंप ओढण्याची सवय लावली तर विसरायला होत नाही. आम्ही आता तेच करतो. त्यानंतर ठिपके आले नाहीत.

उपचार काय?

या रोगावरचं पहिलं चांगलं औषध कुठून आलं ते शेतकऱ्याला आवडेल. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन बाई. एक न्यू यॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. हेझनबाई ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायच्या आणि बरणीत घालून टपालाने पाठवायच्या. ब्राउनबाई त्यांतलं औषधी द्रव्य वेगळं काढायच्या. व्हर्जिनियातल्या एका गोठ्याच्या शेतातल्या मातीत त्यांना बुरशी मारणारं द्रव्य सापडलं. १९५० साली ते जाहीर झालं. न्यू यॉर्क राज्यावरून त्याला निस्टॅटिन नाव मिळालं. पेटंटचे १ कोट ३० लाख डॉलरांहून जास्त पैसे आले, ते त्यांनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनाला दिले.

आपलंही नाव यात आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक औषध काढलं. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन निघालं ते त्याच प्रयोगशाळेतून. माणसाचं आणि पिकाचं औषध एका छपराखाली निघालं, असा तो काळ होता.

आज डॉक्टर साधारणपणे पुढीलप्रमाणे औषध देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची, आम्ही फक्त समजून घ्यायला सांगतो.

सौम्य दुखण्याला तोंडात लावायचं औषध. क्लोट्रिमॅझोलचं लावायचं द्रावण किंवा चघळायची गोळी, नाहीतर निस्टॅटिनचं पातळ औषध. ही औषधं दिवसातून चार-पाच वेळा घ्यावी लागतात, आणि घेतल्यावर काही वेळ खाणंपिणं बंद. पातळ औषध तोंडात सगळीकडे फिरवून जमेल तितका वेळ धरायचं. पाण्याच्या घोटाबरोबर ढकललं तर उपयोग नाही. फवारणी पानाच्या खालच्या बाजूला पोचली नाही तर काय होतं, ते आपण जाणताच.

जास्त असेल किंवा घशाखाली उतरलं असेल तर फ्लुकोनॅझोलची पोटात घ्यायची गोळी. तोंडासाठी साधारण एक ते दोन आठवडे, अन्ननलिकेसाठी दोन ते तीन आठवडे. ही गोळी मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांच्याबरोबर ती घेतली तर त्यांचा जोर वाढतो. रक्तस्राव होऊ शकतो, साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

कोणतंही औषध असो, चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. अर्धवट औषधाने मूळ राहतं, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. एकच बुरशीनाशक वर्षानुवर्षं मारल्यावर शेतात काय होतं, त्याचाच हा दुसरा नमुना.

इथे एक इशारा देणं भाग आहे. फ्लुकोनॅझोल आणि तांबेऱ्यावर फवारायचं प्रोपिकोनॅझोल यांची नावं सारखी लागतात, कारण कूळ एकच आहे. म्हणून कुणी शेतातलं बुरशीनाशक पाण्यात मिसळून चूळ भरायचा विचारही करू नये. हे विनोदाने लिहीत नाही. नायट्याला बेणेप्रक्रियेची पावडर लावलेला एक गडी आम्ही पाहिला आहे. शेताचं औषध शेतातच.

बाळ आणि टोळी

हंगामात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. कोपीत तान्ही पोरं असतात. आई पहाटे थंडीत फडात जाते, बाळ थोरल्या बहिणीच्या मांडीवर, तोंडात बाटली. ती बाटली दिवसातून एकदा हापशाखाली विसळली जाते. मग बाळाच्या तोंडात पांढरं येतं, ते चोखत नाही, रडतं. कोणी म्हातारी टाकणखार मधात कालवून तोंडात फिरवते.

हे करू नका. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषबाधा होते, झटके येतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून दुसरा गंभीर आजार होऊ शकतो. पूर्वी जांभळं औषध लावायचे, जेन्शन व्हायोलेट. ते बुरशी मारतं खरं, पण त्याच्या सुरक्षिततेबद्दल शंका निघाल्या. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ साली ते वापरू नका असं सांगितलं. तेव्हा डॉक्टरांनी दिलं तरच.

बाळाला अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. औषध बाळाच्या तोंडात लावायचं आणि आईच्या स्तनाग्राला चिरा, जळजळ असेल तर तिथेही उपचार घ्यायचा. एकालाच औषध दिलं तर बुरशी दुसऱ्याकडून परत येते. बाटली टाळावी, वाटी-चमच्याने पाजावं. बाटली असेलच तर ती, बूच आणि चोखणी रोज उकळावी. घट्ट जेल बाळाच्या घशात गोळ्याने सोडू नये, गुदमरण्याची भीती असते. चार महिन्यांच्या आत तर ते नकोच.

सभासदांना विनंती आहे. आपल्या फडात आलेल्या कोयत्याबरोबर तान्हं मूल असेल तर आशाताईंना वस्तीवर बोलावून घ्या. मुकादमाला म्हणा, आईला एक दिवस आरोग्य केंद्रात जाऊ दे. एका कोयत्याच्या एका दिवसाने आपला ऊस वाळत नाही.

घशाखाली उतरली तर

घास छातीत अडकतोय, गिळताना छातीच्या हाडामागे कळ येतेय, पाणीसुद्धा टोचतंय, असं झालं तर बुरशी अन्ननलिकेत गेलेली असू शकते. धडधाकट माणसाला हे सहसा होत नाही. म्हणून डॉक्टर साखरेबरोबर एचआयव्हीचीही तपासणी सुचवतात. इथे पुष्कळजण रागावतात, "आम्हाला काय समजता?" म्हणतात आणि उठून येतात. तसं करू नका. ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, आपल्या संमतीनेच होते आणि निकाल गुप्त ठेवावा असं २०१७ चा कायदा सांगतो. २००४ सालापासून सरकार औषधंही मोफत देतं. वेळेवर औषध सुरू झालं तर माणूस शेती करतो, संसार करतो, नातवंडं पाहतो. लपवलं तर तोंडातली बुरशी ही फक्त सुरुवात असते.

आणि घरच्यांसाठी एक वाक्य. ही बुरशी एकत्र जेवल्याने उडून लागत नाही. कुणाचं ताट वेगळं करू नका.

ती येऊ नये म्हणून

* चाळिशी ओलांडली की वर्षातून एकदा साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात.
* मधुमेह असेल तर औषध रोज. "आज बरं वाटतंय" ही सुट्टी नव्हे.
* दिवसातून दोनदा दात आणि जीभ घासा. मशेरीने नव्हे.
* कवळी रात्री काढा, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्यात ठेवा. ढिली झाली असेल तर बदलून घ्या.
* पंप ओढला की चूळ.
* चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणि ओळख नसलेली पुडी घेऊ नका.
* औषधाने बरं होऊन पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण शोधल्याशिवाय थांबू नका. दुसऱ्यांदा येणारी बुरशी काहीतरी सांगत असते.

साखर कारखान्याच्या अंकात साखर जपून खा असं लिहायचं, याचं कुणाला हसू येईल. आमचा पगार साखरेवर आहे आणि आपलं बिलही. पण आम्हाला ऊस पिकवणारा माणूस शाबूत हवा. कारखान्यात जेवढी पोती भरतील तेवढी भरोत, रक्तात ती नकोत.

तात्यांचं सांगायचं राहिलं. तोंडाला लावायचं औषध आणि मधुमेहाच्या गोळ्या एकाच दिवशी सुरू झाल्या. उसाचा रस आणि गोड चहा बंद. दहाव्या दिवशी तोंड स्वच्छ झालं. साखर आटोक्यात यायला मात्र तीन महिने लागले, आणि औषध पुढेही चालूच राहणार आहे. तपासणीत उजव्या पायाच्या तळव्याची जाणीव कमी झालेली आढळली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर अनवाणी दारं धरताना लागलेली एखादी जखम कळलीही नसती आणि भरलीही नसती. आता तात्या बूट घालून पाणी धरतात. वस्तीवरची पोरं हसतात, त्यांना हसू दे.

परवा बेण्याच्या चौकशीला ते गट कार्यालयात आले होते. लेकीच्या लग्नाची पत्रिका पुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, काणीचा चाबूक दिसला की बेट खणून काढायला तुमी शिकवलं. तोंडातला चाबूक मला दिसला न्हाई."

आम्ही म्हटलं, "दिसला होता तात्या. आपण त्याला उष्णता म्हणत होतो."

आज रात्री जेवण झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. बॅटरी प्रत्येक घरात आहे. पाहायला मिनिट लागतं. काही वेगळं दिसलं तर ऊस तुटायची वाट पाहू नका.

कळावे. पुढच्या अंकात ठरल्याप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.